लवंगांच्या डबीतलं झुडूप

वनस्पतींनी समुद्र ओलांडून एका खंडातून दुसऱ्या खंडात जावं, परक्या मातीत मूळ धरावं आणि तिथल्या माणसांचं आयुष्य बदलून टाकावं, ही मानवी संस्कृतीच्या वाटचालीतली थोर घटना समजली जाते. मिरची अशी आली, बटाटा असा आला, आमच्याकडची द्राक्षंही कधीतरी अशीच आली असणार. नव्वदच्या दशकात अशी एक घटना आमच्या घरी घडली. ऑस्ट्रेलियातली काटक झुडपं कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत बसून नाशिकला आली. डबीत आधी काकूंच्या लवंगा असत, त्यामुळे त्या खंडाला आमच्या घरी बरेच दिवस लवंगांचा वास होता.

डबी आणणारे माझे मोठे काका. वडिलांचे थोरले भाऊ, पिंपळगाव बसवंतजवळचे द्राक्ष बागायतदार. त्या वर्षांत बागायतदारांमध्ये परदेशी अभ्यास दौऱ्यांची लाट आली होती. ज्याचा दौरा झाला नाही त्याच्या द्राक्षांत साखर भरत नाही असं मानण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. काका ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना गावाने हार घातले, आल्यावर शाल-श्रीफळ दिलं, आणि मग एका मंगल कार्यालयात 'मी पाहिलेला ऑस्ट्रेलिया' या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. आम्ही घरचे म्हणून पहिल्या रांगेत होतो.

व्याख्यानातून मला समजलं ते असं, की तिथले रस्ते रुंद आहेत, गायी धष्टपुष्ट आहेत, माणसं वेळेवर येतात, आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या काकूंनी बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू काढून घेतले जातात. या शेवटच्या मुद्द्यावर काका बराच वेळ बोलले. त्या मानाने द्राक्षांना कमी वेळ मिळाला. मग फोटो फिरवण्यात आले. प्रत्येक फोटोत ओळीने उभे असलेले बागायतदार आणि त्यांच्या मागे स्टीलची एक मोठी टाकी. दर फोटोतली टाकी वेगळी आहे असं काकांनी सांगितलं, आणि आम्हाला त्यावर शंका घेण्याचं काही कारण नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी खिशातून डबी काढली आणि वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली.

"बारक्या, हे घे. तुझ्यासाठी आणलंय."

वडिलांनी डबी कानाजवळ नेऊन हलवली. "काय आहे दादा?"

"बिया. तिकडं काही ठिकाणी नुसता खडक हाय बघ, तुझ्या प्लॉटसारखा. त्याच्यात बी झुडपं येत्यात. पाणी नाय, काय नाय. म्हटलं, आपल्या बारक्याच्या मुरमाला हेच बरं. दुसरं काय येणार हाय तिथं?"

पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला. वडिलांनी डबी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"पाकीट नव्हतं का काका?" मी विचारलं. "त्यावर कसं लावायचं ते लिहिलेलं असतं."

"होतं ना. लय लिहिलेलं होतं इंग्रजीत. पण पाकीट दिसलं तर धरत्यात, म्हणून हॉटेलातच टाकून दिलं." मग त्यांना समाधान वाटावं असं काहीतरी आठवलं. "माझे लाडू त्यांनी ठिवून घेतले, त्यांच्या बिया मी आणल्या. फिट्टंफाट!"

मुरमाचा हा उल्लेख पंगतीला विनोद वाटला, पण आमच्या घरी त्याला इतिहास होता. वडील धाकटे. शेतीतून लवकर बाहेर पडले, आयटीआय केलं आणि अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. कारखान्यातल्या कामगारांनी मिळून सोसायटी केली, तिच्यात आमचा प्लॉट. नाशिकची काळी माती जिथे संपते त्याच्या पलीकडे ही सोसायटी होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. प्लॉट घेतल्यावर वडील मोठ्या हौसेने थोरल्या भावाला दाखवायला घेऊन गेले. काकांनी चपलेच्या टोकाने मुरूम उकरला, वाकून चिमूटभर हातात घेतला, चोळला, फुंकून टाकला आणि म्हणाले, "इथं कुसळ बी येणार नाय."

ते रागाने किंवा हिणवायला बोलले नव्हते, तीच अडचण होती. मातीच्या बाबतीत काका डॉक्टरसारखे बोलत. त्यांनी निदान सांगितलं आणि ते निघून गेले. वास्तुशांतीला आले नाहीत, कारण त्या दिवशी बागेत फवारणी होती.

वडिलांनी आयुष्यात कोणाकडे फारसं काही मागितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: दादाने परत यावं, त्याच जागी उभं राहावं आणि ते वाक्य मागे घ्यावं. हे ते कधी बोलून दाखवत नसत. बोलायची गरजही नव्हती. त्यांनी लावलेलं प्रत्येक झाड त्या वाक्याला उत्तर म्हणून लावलेलं असे, आणि प्रत्येक झाड काकांच्या बाजूने साक्ष देऊन वाळून जाई. गुलाब गेला, डाळिंब गेलं. जास्वंद, जी कुठेही येते म्हणतात, तीही आमच्याकडे येऊन विचार बदलून गेली.

फाटकाशेजारी भिंतीलगत एक अरुंद वाफा होता. तो खरं तर आईचा. आई पेठकडच्या डोंगराळ भागातली, भाताच्या गावातली. तिला त्या वाफ्यात मेथी लावायची होती. मेथीची जुडी बाजारातून विकत आणावी लागते याचा तिला मनापासून अपमान वाटे. पण मेथी येऊन काही सिद्ध होणार नव्हतं. ऑस्ट्रेलिया येऊन बरंच काही सिद्ध होणार होतं. वाफा वडिलांनी घेतला.

पेरणी दसऱ्यानंतर झाली. वडिलांनी कारखान्यातून येताना स्टीलची पट्टी आणि पंच आणला. सुतळी ताणून रेषा आखल्या, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची भोकं पाडली आणि एकेका भोकात एकेक बी सोडलं. आईने दारातून पाहिलं.

"बियांना कळतं का किती मिलिमीटर?"

"कळलं नाही तरी बिघडत नाही," वडील म्हणाले.

काकांच्याच गोठ्यातलं शेणखत गोणीभर मागवून घातलं होतं. रोज सकाळी पहिल्या पाळीला निघण्याआधी वडील झारीने पाणी घालत आणि वाफ्याशेजारी उकिडवे बसून पाहत. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. संक्रांतीला आलेल्या बायका वाफ्याकडे बघून आईला हळूच विचारू लागल्या की इथे काही पुरलंय का.

"आलं का?" संध्याकाळी वडील विचारत.

"आलं असतं तर दिसलं असतं," आई म्हणे.

उन्हाळा आला तेव्हा आईच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. तिच्या माहेरी भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा, गोवऱ्यांचा चुरा, काटक्या असं सगळं पसरून जाळतात. याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, राख मिळते, जमीन मऊ होते. वैशाखातल्या एका सकाळी वडील कामावर गेल्यावर तिने सोसायटीच्या मैदानातून वाळका पाला गोळा केला, वाफ्यावर पसरला, वर दोन जुन्या खराट्यांची आहुती दिली आणि काडी लावली. धूर इतका झाला की मागच्या गल्लीतले दोघे बादल्या घेऊन धावत आले. आईने त्यांना चहा दिला.

दुपारी वडील आले. काळा पडलेला वाफा पाहिला. हातपाय धुतले, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि मग म्हणाले, "तिथे बिया होत्या."

"होत्या," आई म्हणाली.

गणपतीनंतर तिथे मेथी टाकायची असं ठरलं, म्हणजे आईने ठरवलं.

आषाढात वाफ्यात हिरवं दिसलं. आई तण समजून उपटायला बसली. पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली, मागून चंदेरी. तिने एक उपटलं, वास घेतला, आणि वडिलांना हाक मारली.

"हे तण नाही."

वडील बाहेर आले, पाहिलं, आणि मी त्यांना तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "हात लावू नकोस."

नंतर मला वाचायला मिळालं, की त्या देशातल्या पुष्कळ बिया वणव्याची वाट पाहत जमिनीत पडून राहतात. आग आणि धूर अंगावरून गेल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "मग त्यांनी आधी सांगायचं," ती म्हणाली. वडिलांनी श्रेय शेणखताला दिलं. दादाचं शेणखत होतं.

जी रोपं आली त्यांतली बहुतेक त्यांच्यावरच्या प्रेमाने गेली. वडील पाणी घालत राहिले आणि रोपं पिवळी पडत राहिली. ती पिवळी पडली म्हणून वडिलांनी पाणी वाढवलं. बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला वाळणाऱ्या रोपाला पाणी घालू नकोस म्हणणं म्हणजे रडणाऱ्या पोराला उचलू नकोस म्हणण्यासारखं होतं. एक काटेरी जातीचं रोप बरं चाललं होतं, ते दूधवाल्याच्या सायकलीखाली गेलं. शेवटी एकच राहिलं, वाफ्याच्या पार टोकाला, फाटकाच्या खांबाशी, जिथवर झारी पोचत नसे. तिथे शेणखतही पडलं नव्हतं. नुसता मुरूम होता.

ते वाढलं. पहिल्या वर्षी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, मग भिंतीवरून रस्त्याकडे पाहू लागलं. मेथी पुढच्या वर्षावर गेली. मग त्याच्या पुढच्या वर्षावर गेली, कारण वडिलांना मुळांजवळ खुरपं चाललेलं नको होतं.

मी तेव्हा देवळाली कॅम्पच्या एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत होते. बसमधून उतरून शाळेकडे जाताना वाटेवर सिल्व्हर ओकची उंच झाडं होती. एक दिवस खाली पडलेलं पान उचललं तर आमच्या झुडपाचाच थोरला भाऊ वाटला. आमच्या ग्रंथालयात, बदलीवर गेलेल्या कुठल्याशा लष्करी कुटुंबाने मागे ठेवलेलं बागकामाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते तोपर्यंत मुख्यतः खिडकी उघडी राहावी म्हणून वापरलं जाई. त्यात आमचं झुडूप चित्रासकट सापडलं. ग्रेव्हिलिया. सिल्व्हर ओकचंच गोत्र. माहिती थोडक्यात होती: हलक्या, खडकाळ जमिनीत वाढतं. मुळं धरल्यावर पाणी जवळजवळ लागत नाही. खत घालू नये. विशेषतः स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं खत याला विषासारखं आहे. आणि जुन्या लाकडापर्यंत छाटू नये, फुटत नाही.

काकांनी हॉटेलात टाकून दिलेल्या पाकिटावर हेच लिहिलेलं असणार. मी रात्री जेवताना वाचून दाखवलं. वडिलांनी जेवण थांबवून ऐकलं.

"पुन्हा वाच. जमिनीचं वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे काळ्या मातीत हे आलंच नसतं," ते म्हणाले.

"कदाचित नसतं आलं."

"दादाच्या बागेत नसतं आलं."

"नसतं."

त्यांनी त्या दिवशी भात दुसऱ्यांदा घेतला.

फुलं आली ती एका हिवाळ्यात. लाल, लांबट, एका बाजूला केसर निघालेली, कंगव्यासारखी. फुलांत मध इतका की शिंजीर पक्षी सकाळपासून भांडायला येत. आईने पहिलं फूल देवाला वाहिलं. तासाभरात देवघरात मुंग्यांची रांग लागली आणि बाळकृष्ण दिसेनासा झाला. तिने देव धुऊन घेतले आणि झुडपाला सांगितलं की तुझं तू बघ. सोसायटीच्या मंडळाने त्या वर्षी 'सुंदर परसबाग' अशी स्पर्धा घेतली. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त साहेबांनी झुडपासमोर उभं राहून याचा उपयोग काय असं विचारलं. वडील म्हणाले, "काही नाही." साहेबांनी मान डोलावली. आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते भाग घेणाऱ्या सगळ्यांनाच मिळालं होतं. वडिलांनी ते गादीखाली ठेवलं, कारण त्यांना हवं असलेलं प्रमाणपत्र हे नव्हतं.

ते पिंपळगावहून यायचं होतं. फुलं आल्यापासून वडील काकांना बोलावत होते. दिवाळीला भेटले की सांगत, लग्नकार्यात भेटले की सांगत, फोन आल्यावर तर दर वेळी सांगत. "दादा, एकदा ये ना घरी."

"येतो ना. छाटणी होऊ दे."

छाटणी झाल्यावर डिपिंग असे, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. ते झालं की विरळणी. मग पाऊस येतो की काय म्हणून आभाळाकडे बघत बसायचं. मग माल चालू, व्यापाऱ्यांच्या गाड्या दारात. मग पुन्हा छाटणी, उन्हाळ्यातली. द्राक्षशेतीचं सगळं वेळापत्रक मी काकांच्या न येण्यातून शिकले. अजूनही कोणी विचारलं तर महिन्यावार सांगू शकते.

दोन हजार साल उलटलं. अंबडचे कारखाने माणसं कमी करत होते. वडिलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिला स्वेच्छा का म्हणतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. आता ते दिवसभर घरी असत आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसत. रस्त्याने जाणारा कोणी झुडपाकडे पाहून थांबला की आधी मुरमाबद्दल सांगत, मग झुडपाबद्दल.

आणि एका एप्रिलमध्ये काका आले. बोलावलं म्हणून आले नाहीत. फवारणीच्या यंत्राचा एक भाग तुटला होता, तो अंबडच्या वर्कशॉपमध्ये टाकला होता आणि संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हता. एवढा वेळ कुठे काढायचा म्हणून जीप आमच्याकडे वळवली. उन्हाळी छाटणीचे दिवस होते. टोपीला धूळ, बोटांना चीक, आणि पँटच्या मागच्या खिशात कात्री.

वडील फाटकाकडे जवळजवळ पळत गेले. मी सुट्टीवर होते, आई सरबत करायला आत गेली. काका फाटकातून आत आले आणि झुडपासमोर थांबले. त्या जागेपासून हातभर अंतरावर त्यांनी कधीतरी चपलेच्या टोकाने मुरूम उकरला होता.

"काय रे हे, बारक्या?"

"तू दिलेलं," वडील म्हणाले.

"मी?"

"ऑस्ट्रेलियाहून आणलेलं. डबीतलं."

"कंची डबी?"

मी सांगितलं. लवंगांची डबी, पंगत, लाडू. लाडू म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. "ते मातुर आठवतंय. समदे लाडू टाकले ना रे भाड्यांनी!" डबी त्यांना आठवत नव्हती. मुरमाला हेच बरं, हे म्हटलेलं आठवत नव्हतं. त्याआधी प्लॉटवर काय म्हणाले होते ते विचारण्यात अर्थच नव्हता. वडील इतकी वर्षं ज्या वाक्याशी भांडत होते, ते बोलणाऱ्याने वाटेतच कुठेतरी टाकून दिलं होतं, पाकिटासारखं.

मला वडिलांकडे पाहवेना. मी झुडपाकडे पाहिलं.

काका तोवर त्याच्याभोवती फिरत होते. त्यांनी एक फांदी वाकवून सोडली. बुंध्याला नख लावून साल पाहिली. खाली बसून मुळाशी बोटं घातली आणि मुरूम चिमटीत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर दौऱ्याचे फोटो दाखवतानाचा भाव नव्हता. बागेत असतात तसे ते दिसत होते, बाकी कोणी आसपास नसल्यासारखे.

"लाकूड चांगलं हाय," ते म्हणाले. "पण नुसतं माजलंय. कधी छाटलं नाय का?"

"नाही."

"कसं रे तू! शेतकऱ्याचा पोरगा ना?" त्यांचा हात मागच्या खिशाकडे गेला.

मी पुढे झाले. "काका, याला छाटत नाहीत. म्हणजे खालपर्यंत नाही. पुस्तकात आहे, जुन्या लाकडाला फूट येत नाही."

काकांनी कात्री उघडून माझ्याकडे पाहिलं. "कुठलं झाड हे?"

"ऑस्ट्रेलियातलं."

"ऑस्ट्रेलियात कोण गेलं होतं?"

"तुम्ही."

"तू गेली होतीस?"

"नाही."

"मग?"

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांना पुस्तकातला तो परिच्छेद पाठ होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते म्हणून दाखवत. ते भावाकडे पाहत होते.

"कापू दे," ते म्हणाले.

काकांनी झुडूप छाटलं, द्राक्षाची उन्हाळी छाटणी करतात तसं, खरडून. आमच्याकडच्या माणसाला सुप्त डोळे, म्हणजे झोपलेले कोंब, जागे करायचा तेवढाच एक मार्ग माहीत आहे आणि द्राक्षाच्या बाबतीत तो अचूक आहे. हात इतका सफाईने चालत होता की मलाही क्षणभर पाहत राहावंसं वाटलं. वडील खाली पडणाऱ्या फांद्या गोळा करून भिंतीशी रचत होते. लहानपणी बागेत असेच काम करत असतील, मोठा कापतोय आणि धाकटा उचलतोय. आई सरबताचा तांब्या घेऊन दारात आली, पाहिलं, आणि तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली.

शेवटी खांबाशी वीतभर खुंट उरला. काकांनी कात्री पुसली, खिशात घातली. मग चपलेच्या टोकाने खुंटाभोवतीचा मुरूम जरा मोकळा केला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "जमीन वाईट नाय तुझी."

वडील वाकून शेवटची फांदी उचलत होते. ते तसेच थोडा वेळ वाकलेले राहिले.

सरबत पिऊन काका निघाले. जाताना जीपमधून सुपर फॉस्फेटची अर्धी गोणी काढून ओसरीवर ठेवली. "दोन ओंजळी घाल बुडाशी. बघ पावसाळ्यात कशी फूट येतीय."

संध्याकाळी वडील गोणी सोडायला बसले. मी म्हटलं, "बाबा, ते स्फुरद आहे."

"माहीत आहे."

"तुम्हाला पाठ आहे ते."

"दादाने दिलंय," ते म्हणाले, आणि दोन ओंजळी मोजून घातल्या. वर पाणीही घातलं, झारीने, खांबापर्यंत जाऊन.

मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला आहे. वडील भोळे होते असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण ते भोळे नव्हते. मशीनचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगणारे होते. मला वाटतं, बागायतदार गवताला छाटत नाही, कचऱ्याला खत घालत नाही. काकांनी आमच्या मुरमातल्या झाडाला स्वतःच्या बागेतल्या वेलीसारखं वागवलं होतं, आणि वडिलांना त्या वागवण्यातला एकही भाग परत करायचा नव्हता. हे माझं म्हणणं. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की मोठ्या माणसाने सांगितलं, मी केलं.

पावसाळ्यात फूट आली नाही. श्रावणापर्यंत वडील रोज सकाळी खुंटाशी बसत, पहिल्या वेळी बसत तसेच. पण तेव्हासारखे अस्वस्थ दिसत नसत. रस्त्याने कोणी थांबलं तर सांगत, "दादा येऊन गेले. जमीन चांगली आहे म्हणाले." 'वाईट नाही'चं 'चांगली' कधी झालं ते मला कळलं नाही. झाडाचं विचारलं तर म्हणत, "त्याचं वय झालं होतं."

गणपती उठल्यावर आईने विचारलं, "काढू का आता?"

वडील म्हणाले, "काढ."

खुंट आणि भिंतीशी रचलेल्या फांद्या अंघोळीच्या बंबात गेल्या. लाकूड चांगलं होतं, काका म्हणाले होते तसं. पाणी लवकर तापायचं. राख आईने वाफ्यावर पसरली आणि त्यावर मेथी टाकली. उरलेलं सुपर फॉस्फेटही मेथीलाच घातलं. त्या हिवाळ्यात मेथी इतकी आली की शेजाऱ्यांना द्यावी लागली.